जावईबापूंचा प्रबंध

५ नोव्हेंबर २०२२, नारायणगाव

आज स्टाफरूममध्ये पेढे होते. कुंडलिक सरांना पीएच.डी. मिळाली. मिळाली म्हणजे कुरियरने आली.

आमच्या गावात यंदा टोमॅटोपेक्षा डॉक्टरांचं पीक जोरात आहे. द्राक्षांचे व्यापारी भगवंतशेठसुद्धा गेल्या वर्षी डॉक्टर झाले. त्यांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत निमंत्रकांच्या रांगेत निम्म्या नावांमागे 'डॉ.' होतं. सगळ्या पदव्या दूरस्थ. विद्यापीठ कुठेतरी परराज्यात, अभ्यासकेंद्र पुण्यात एका सुकामेव्याच्या दुकानाच्या वर, आणि मार्गदर्शक फोनमध्ये.

मी आजवर हसत होतो या लोकांना. पण पेढा खाता खाता प्राचार्य मला बाजूला घेऊन म्हणाले, "रामनाथ, मी पुढच्याच्या पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. संस्थेला खुर्चीत डॉक्टरच हवाय. बघ बाबा." घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात फिरत होतं. रीतसर पीएच.डी. करायची तर प्रवेशपरीक्षा, पुण्याच्या खेपा, रजा. ते माझ्याच्याने व्हायचं नाही. ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहून टाकतो.

केंद्रावर फोन करून नाव नोंदवलं. मार्गदर्शक सर म्हणाले, "विषय जवळचा घ्या, सोयीचा पडतो." माझ्या बायकोचं, सोनलचं माहेर तळेघरच्या वरच्या अंगाला, हिरडमाळ नावाची वाडी. सासुरवाडीहून जवळचं काय असणार? विषय ठरला: पश्चिम आंबेगावातील वाड्यांमधले दळणवळण आणि लोकजीवन.

२० नोव्हेंबर

काल आणि आज हिरडमाळ. मला वाटलं होतं आठवडा जाईल, पण वाडीचं सर्वेक्षण संपलंसुद्धा.

तळेघरला एसटीतून उतरलो तर जीप उभी. लग्न झाल्यापासून बघतोय, मी कधीही गेलो तरी जीप तिथे हजर असते. डोंगरात जाण्यायेण्याची गैरसोय असते म्हणतात, ती मला तरी अजून दिसलेली नाही. 'संशोधकाचे निरीक्षण' या सदराखाली हे घालता येईल.

सासऱ्यांनी अंगणात बाज टाकून ठेवली होती, वर नवी कोरी चादर. मी बाजेवर, मांडीवर प्रश्नावल्या, आणि वाडीतली माणसं खाली ओळीने बसलेली. वर बसा म्हटलं तर कोणी बसेना.

"येण्याजाण्याची सोय कशी आहे?" मी सासऱ्यांपासून सुरुवात केली. कुशाबा त्यांचं नाव.

"झ्याक हाय," ते म्हणाले.

"आणि दवाखान्यात जायचं झालं तर?"

"आमी आजारीच पडत न्हाई, पावणं." सगळे हसले.

शेजारच्या ठकूबाई गुडघे धरून बसल्या होत्या. "मला तं लई..." एवढं म्हणाल्या. माझ्या सासूबाईंनी, लंकाबाईंनी, त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. "लई बरं चाललंय," ठकूबाईंनी वाक्य पुरं केलं आणि अंगठा उठवला. किती समाधानी माणसं! आम्ही खाली रस्त्यात खड्डा दिसला तरी ओरडतो.

दुपारी कोंबडं, नाचणीची भाकरी, आंबेमोहोर भात. शनिवारची शाळा लवकर सुटते, तरी मेहुणी तेजस्विनी आली तेव्हा आमची जेवणं उरकली होती. घामाघूम झाली होती. नववीत आहे. तिलाही विचारलं, "काय गं, शाळेत जायला काही त्रास?" "न्हाई दाजी," म्हणाली आणि आत पळाली. लाजाळू आहे पोर. 'समाधानी' या रकान्यात वरपासून खालपर्यंत खुणा झाल्या.

२१ नोव्हेंबर

सोनलला प्रश्नावल्या दाखवल्या. चाळता चाळता ती हसायला लागली, मग हसायची थांबली. "अहो, तुम्ही स्वतः बसून विचारलंत हे? दुसऱ्या कोणाला तरी पाठवायचं."

मी म्हटलं, संशोधकाने स्वतःच जायचं असतं, त्याला क्षेत्रभेट म्हणतात. "जावयाला कोण रडगाणं सांगतं?" असं काहीतरी पुटपुटत ती स्वयंपाकघरात गेली. माहेरचं काही लिहिलं की बायका हळव्या होतात.

१४ मार्च २०२३

लेखन चालू आहे. कुंडलिक सरांनी त्यांच्या प्रबंधाचा पेनड्राइव्ह दिला. "संशोधन पद्धतीचं प्रकरण सगळ्यांचं एकच असतं रे. तालुक्याचं नाव तेवढं बदल." मी बदललं, तरी दोन ठिकाणी त्यांचा तालुका राहिलाच होता. सोनलने तपासताना धरला. मला जरा लाज वाटली, पण तिच्यासमोर हसण्यावारी नेलं.

मार्गदर्शकांना निष्कर्षाचं प्रकरण व्हॉट्सॲपवर पाठवलं. मी पाणी पिऊन येईपर्यंत त्यांचा अंगठा आला होता. वाचलं कधी कोण जाणे. पण एक वाक्य मात्र खरंच छान उतरलंय: 'वाड्यांमधील उत्तरदाते दळणवळणाच्या सोयींबाबत पूर्णतः समाधानी असून अतिरिक्त बससेवेची निकड आढळून येत नाही.' मोठ्याने वाचून बघितलं. भारदस्त वाटतं.

१७ डिसेंबर

तोंडी परीक्षा घरातूनच झाली. मोबाइल पुस्तकांच्या थप्पीला टेकवलेला, वर शर्ट आणि टाय, खाली लेंगा. एका परीक्षकांचा कॅमेरा बंद होता. दुसरे गाडीत होते, मधूनमधून हॉर्न ऐकू यायचा. त्यांनीच विचारलं, "आपके रिसर्च का समाज को फायदा क्या?" मी म्हणालो, प्रशासनाला धोरण ठरवताना उपयोग होईल. "व्हेरी गुड," म्हणाले आणि संपलं.

मी डॉक्टर झालो. सोनलने शिरा केला. खूप आनंद झालाय, खोटं कशाला बोलू. आरशात बघून एकदा म्हणूनही घेतलं, डॉ. रामनाथ.

२६ जानेवारी २०२४

झेंडावंदनानंतर कॉलेजात माझा सत्कार. फाटकावर फ्लेक्स लागला, त्यावर माझा फोटो कुंडलिक सरांपेक्षा मोठा. संस्थेच्या अध्यक्षांच्या ओळखीचे आंबेगाव तालुक्याचे तहसीलदार साहेब पाहुणे होते. त्यांना प्रबंधाची प्रत सहीनिशी भेट दिली. "आमच्याच तालुक्यावर काम केलंय तुम्ही! हे आम्हाला लागेल," असं म्हणून त्यांनी प्रत ड्रायव्हरकडे न देता काखेत धरली. बरं वाटलं.

सासरे-सासूबाई एवढ्या सकाळी वेळेवर कसे पोचले कोण जाणे. सासूबाईंचे पाय सुजलेले दिसले. वय झालं आता त्यांचं. सासरे भेटेल त्याला सांगत होते, "आमचं जावई डाक्टर झालं. आमच्या वाडीवर पुस्तक लिवलंय त्यांनी." मी शाल सावरत होतो आणि ते माझ्याकडे असे बघत होते की मला क्षणभर रडू येईल असं वाटलं.

२८ मे

तेजस्विनीला दहावीला एक्याऐंशी टक्के! वाडीतून एवढे मार्क कोणालाच नव्हते. तिला नर्स व्हायचंय, म्हणून घोडेगावला अकरावी सायन्स. मी फोनवर अभिनंदन केलं, ती नुसती "व्हय दाजी, व्हय दाजी" म्हणत राहिली.

फोन ठेवल्यावर सोनल म्हणाली, "मार्क पडले, पण ती जाणार कशी रोज?"

"एसटीने."

"ती तळेघरपासून. तळेघरपर्यंत?"

"जीप असते की."

सोनल माझ्याकडे बघतच राहिली. मग एकेक शब्द सुटा करून बोलली. "ती जीप जानकूची. तुम्ही येणार असलात की बाबा त्याला आधी निरोप धाडतात. तुमच्यासाठी येते ती. बाकी सगळे रानातून चालत जातात. ठकूमावशीला गुडघे दाखवायला झोळीतून न्यावं लागलं. बिबट्या असतो म्हणून पोरी घोळक्याने शाळेत जातात. आता त्या घोळक्यातली ही एकटीच पुढे शिकणार, आणि सकाळची गाडी गाठायची तर अंधारात निघायला हवं. बाबा सोडणार नाहीत तिला."

"मला कोणी सांगितलं कसं नाही?"

"तुम्हाला?" एवढंच म्हणाली.

तेजूला आपल्याकडे ठेवू म्हटलं, तर तरण्या पोरीला जावयाच्या घरी ठेवायचं नाही, असं त्यांच्यात आहे. वसतिगृहात जागा नाही. एकच वाट आहे. वाडीपर्यंत डांबरी रस्ता झालाय आता, सकाळची एसटी तळेघरऐवजी वरून सुटली तर पोरीचं शिक्षण होईल. वाडीच्या बायकांनी तसा अर्ज केलाय. तालुक्याच्या साहेबांनी शिफारस केली की गाडी सुरू. हेच ते साहेब, सत्काराला आले होते ते.

१२ जून

सासऱ्यांचा फोन आला. "पावणं, बशीचं काय झालं न्हाई बगा."

मी विचारलं, का?

"तालुक्याच्या बैठकीत साहेबांनी तुमचंच पुस्तक काढलं. वाचून दावलं समद्यास्नी. वाडीवाल्यांची कायबी तक्रार न्हाई, बशीची निकड न्हाई, आसं. लई भारी लिवलंय राव तुमी. आमी टाळ्या वाजवल्या."

त्यांच्या आवाजात कुठेही टोमणा नव्हता. खरंच अभिमान होता. फोन ठेवून मी गच्चीत गेलो आणि बराच वेळ टाकीकडे बघत उभा राहिलो.

१४ जून

साहेबांकडे गेलो होतो. मला बघून ते खुर्चीतून उठले. "या डॉक्टर! तुमच्या प्रबंधानं आमचं काम सोपं केलं. नाहीतर प्रत्येक वाडी गाडी मागते." प्रत टेबलावरच होती, पानांत खुणेच्या चिठ्ठ्या घातलेल्या. माझ्या मार्गदर्शकांनी जे केलं नाही ते या माणसाने केलं होतं, प्रबंध वाचला होता.

"काही काम काढलंत?"

जिभेवर आलं होतं. पण २ जुलैला प्राचार्यपदाची मुलाखत आहे. आपलाच प्रबंध चुकीचा म्हणणाऱ्याला खुर्चीत कोण बसवेल? "नाही, सहज आलो होतो," म्हणालो. चहा प्यायलो आणि आलो.

सोनलला सांगितलं, साहेब भेटले नाहीत. मी भित्रा माणूस आहे. अकरावीचे प्रवेश जुलैअखेरपर्यंत चालणार आहेत, तोवर मुलाखत होऊन जाईल, मग बघू, असं मनाला समजावतोय. मनाला पटत नाही.

२ जुलै

मुलाखतीत प्रश्न असा विचारलाच नाही. समितीतल्या बाहेरून आलेल्या बाईंनी कागद बघितले आणि शांतपणे म्हणाल्या, "दूरस्थ पद्धतीने केलेली पीएच.डी. या पदासाठी ग्राह्य धरता येत नाही. तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं का?" अध्यक्ष छताकडे बघत होते. कुंडलिक सरांचंही तेच झालं. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "जाऊ दे रे. लग्नपत्रिकेत तर कोणी काढत नाही ना."

घराच्या दारावर लावलेली 'डॉ. रामनाथ' ही पाटी मीच उतरवली. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण त्याच्या खाली कुठेतरी मोकळंही वाटलं. आता गमावायला काही उरलं नाही. आता खरं बोलता येईल.

४ जुलै

साहेबांना सगळं सांगितलं. जीप, बाज, जावई, सगळं. पदवी धरत नाहीत हेही सांगितलं. ते ऐकून घेत होते.

"पदवीचं तुमचं तुम्ही बघा," ते म्हणाले. "पण उत्तरं तर लोकांचीच ना? अर्जावरचे अंगठे त्यांचे आणि तुमच्या कागदांवरचेही त्यांचेच. तुमच्या एकट्याच्या सांगण्यावर मी ती खोटी कशी ठरवू?" मग म्हणाले, "असं करतो, पुढच्या शुक्रवारी मी स्वतः वाडीवर येतो. लोकांनी तोंडावर सांगितलं की अडचण आहे, की लगेच शिफारस करतो. पोरीचं वर्ष वाया नको जायला."

भला माणूस. मी घरी येऊन सासऱ्यांना फोन लावला. "मामा, साहेब येतील तेव्हा खरं काय ते सांगा. माझं चुकलंय, मी लिहिलेलं चुकीचं आहे." ते "व्हय, व्हय" म्हणत होते.

सोनल भाजी निवडत ऐकत होती. "तुम्ही जाऊ नका तिथं," म्हणाली. "साहेबांना एकट्यालाच जाऊ द्या."

मी चिडलो. चूक माझी आणि मी घरी लपून बसू? चारचौघांत उभा राहून कबूल करणार आहे मी. आयुष्यात एकदा तरी सरळ वागू दे मला. ती म्हणाली, "तुमची मर्जी."

१२ जुलै

जीप नको म्हणून आधीच बजावलं होतं. डांबरी रस्ता लांबून वळसा घालून जातो, म्हणून तळेघरपासून पोरींच्या रानवाटेने चालत गेलो. सांगायला लाज वाटते, पण अर्ध्या वाटेत दोनदा बसावं लागलं. ओढा ओलांडताना बूट हातात घेतले. पोरी हे रोज करतात.

भाताची लावणी चालू होती. माणसं गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली तशीच देवळात येऊन बसली. साहेब आले. मी उभा राहून सांगितलं की मी लिहिलेलं चुकीचं आहे, मी नीट विचारलं नाही, तुम्ही नीट सांगितलं नाहीत, आज मात्र साहेबांना सगळं खरं सांगा.

साहेबांनी विचारलं, "काय कुशाबा? यांनी लिहिलेलं खोटं आहे का?"

माझे सासरे उठले आणि त्यांनी हात जोडले.

"साहेब, आमचं जावई खोटं कशापायी लिवतील? शिकल्याली मान्सं ती. त्यांनी लिवलंय तेच खरं हाय."

"मामा!" मी ओरडलोच. "असं नका करू. ठकूबाई, तुम्ही सांगा. तुम्हाला झोळीतून न्यावं लागलं ना?"

"म्या?" ठकूबाईंनी पदर तोंडाला लावला. "म्या कुटं गेले व्हते? मला कायबी झालं न्हाई, बाबा."

मी एकेकाकडे बघत होतो. प्रत्येक जण माझ्याकडे मायेने बघत होता, आणि प्रत्येकाची मान नकारार्थी हलत होती. त्यांना वाटत होतं की ते मला वाचवतायत. मला दोष येऊ नये म्हणून अख्खी वाडी एक झाली होती.

तेजस्विनी खांबाला टेकून उभी होती. मी म्हणालो, "तेजू, तू तरी सांग. तुझं आहे हे सगळं."

तिने वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोळे भरले होते. "मला चालाया आवडतं, दाजी," ती म्हणाली.

साहेबांनी वही मिटली. गाडीत बसताना मला म्हणाले, "मी तरी काय लिहू, गुरुजी?"

घरी सासूबाई चुलीपाशी बसल्या होत्या. मी उंबऱ्यात बसलो आणि विचारलं, "मामी, असं का केलंत तुम्ही सगळ्यांनी? पोरीचं शिक्षण गेलं."

त्यांनी भाकरी उलटली. "आवो, साहेबाम्होरं, चार मान्सांत तुमाला खोटं पाडायचं? आन मग त्या बशीत आमी कंच्या तोंडानं बसायचं?" मग ताट पुढे सरकवत म्हणाल्या, "पोरीचं नशीब. तुमी जेवल्याबिगर जाऊ नका."

मी जेवलो. नाही म्हणायची हिंमत झाली नाही.

सोनलला घरी येऊन जसं झालं तसं सांगितलं. 'मी म्हटलं होतं' असं ती म्हणेल असं वाटलं होतं. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

३१ जुलै

अकरावीचे प्रवेश आज बंद झाले.

सासऱ्यांचा सकाळी फोन. तेजस्विनीला स्थळ आलंय. मुलगा चाकणला कंपनीत कामाला आहे. लग्न अठरा पुरी झाल्यावर करू, पण बोलणी आत्ताच करून ठेवू म्हणतात, चांगलं स्थळ हातचं जाईल. रविवारी पाहुणे येणार आहेत. "तुमच्याबिगर बैठक कशी व्हनार, पावणं? तुमी शिकल्यालं. पोराला काय इचारायचं ते तुमीच इचारा. पत्रिकेतबी तुमचंच नाव वर घालायचं, डाक्टर लावून."

मी म्हटलं, ते डॉक्टर आता नाही लावायचं. "आमच्यासाठी हाईत," ते म्हणाले आणि हसले.

सोनल खिडकीपाशी उभी होती. सकाळपासून रडून तिचे डोळे सुजलेत. मला राहवेना. मी म्हणालो, "मी रविवारी जातो. सगळ्यांच्या आधी तेजूला बाजूला घेऊन विचारतो, हे स्थळ तिला खरंच पसंत आहे का. ती नाही म्हणाली तर तिथल्या तिथे मोडतो."

"तुम्ही नका विचारू," सोनल म्हणाली. "तुम्हाला ती हो म्हणेल."